अंगणातली वेडी बाभूळ

हेडमास्तर सकाळी आले, पण बसले नाहीत.

गादीवाल्यानं बाज पुढं ओढली, तिच्यावर सतरंजी टाकली, सतरंजीवर उशी ठेवली. हेडमास्तरांनी तिन्हीकडं एकदा बघितलं आणि भिंतीला हात टेकून उभेच राहिले. मग खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी ती हळूच उलगडली. आत एक काटा होता. दोन बोटं लांब, बुडाशी तपकिरी, टोकाशी पांढरट.

“तुमचा आहे,” ते म्हणाले.

गादीवाल्यानं काटा उजेडात धरून निरखला. “आमचाच दिसतो.”

“दिसतो काय? काल तुमच्या नव्या गादीवर झोपलो होतो मी.”

“कुठं लागला?”

दाराआड उभी असलेली त्याची बायको खोकली. गादीवाल्यानं काटा परत पुडीत ठेवला. हेडमास्तर म्हणाले, “लागला,” आणि त्यांनी भिंतीवरचा हात बदलला.

गादी परत आली होती. शाळेच्या शिपायानं ती सायकलला बांधून आणली होती, आणि फाटकापासून घरापर्यंत येईस्तोवर सायकलची दोन्ही चाकं बसली होती. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानं सायकल फाटकाकडं वळलेली बघितली तेव्हाच घमेल्यात पाणी भरून ठेवलं होतं. शिपायाला त्यानं बसायला खोकं दिलं आणि म्हणाला, “या. वाटच बघत होतो.”

हेडमास्तरांना मात्र घाई होती. शाळेच्या वसतिगृहासाठी चाळीस गाद्या करायच्या होत्या. ते काम याच घराला द्यायचं म्हणून त्यांनी वरपर्यंत भांडून मंजुरी आणली होती. शाळा उघडायला पंचवीस दिवस उरले होते.

“चाळीस पोरं आहेत,” ते म्हणाले. “एकेकाला काटा लागला, तर मी चाळीस आयांना काय तोंड दाखवू? शहरात फोमच्या तयार गाद्या मिळतात. पण मला तुमच्याकडूनच घ्यायच्यात. तेव्हा हे अंगण साफ करा. आठ दिवसांनी येऊन बघेन.”

ते निघाले. फाटकापर्यंत त्यांची चाल सगळ्यांनी पाहिली.

अंगण म्हणायला होतं, पण ते दिसत नव्हतं. पूर्वी या अंगणात एका वेळी सहा गाद्यांचा कापूस उन्हात पसरत असे. आता दारापासून फाटकापर्यंत एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. बुंध्याला बुंधा, फांदीत फांदी. कापूस पसरायला उरली होती बाजेएवढी जागा, आणि तिच्यावरही वरून काटे झडत. गादीवाला ते वेचून काढी, पण त्याची नजर आता पन्नाशीची होती.

ही झाडं आणली होती अक्कांनी. अक्का म्हणजे गादीवाल्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं त्याला वाढवलं, मग लग्न होऊन गेली, आणि वर्षाच्या आत एक ट्रंक घेऊन परत आली ती कायमची. ती आली त्याच वर्षी तिनं कुठून तरी फडक्यात बांधून शेंगा आणल्या आणि रस्त्याच्या कडेनं बी टोचलं. कुंपण होईल, म्हणाली. कुंपण झालं. मग ते कुंपण आत यायला लागलं. मागच्या गल्लीतल्या शेळ्यावालीच्या शेळ्या रोज येत, शेंगा खात आणि बी अंगणभर पेरून जात. शेळ्यावालीला कुणी बोललं की ती म्हणायची, “खत फुकट मिळतंय तुम्हाला, आणि वर तक्रार.”

पंक्चरवाल्याची तर काहीच तक्रार नव्हती.

हेडमास्तर गेल्यावर बायकोनं कोपऱ्यातली कुऱ्हाड काढून नवऱ्यापुढं ठेवली.

“आधी अक्काला विचारायला हवं,” तो म्हणाला.

“विचारा की.”

“तू विचार.”

“बहीण तुमची आहे.”

अक्का मागच्या पडवीत कापूस पिंजत बसल्या होत्या. पासष्टीतही त्यांचा हात असा चाले की पिंजणाची तार एका लयीत वाजत राही. गादीवाला जवळ जाऊन बसला. आधी कापसाबद्दल बोलला, मग उन्हाबद्दल, मग अक्कांच्या गुडघ्याबद्दल. अक्का पिंजत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “धाकट्या, झाडांचं काय ते बोल.”

“जरा कमी करावीत म्हणतो.”

“फांद्या छाट.”

“फांद्याच म्हणतोय मी.”

“आणि रस्त्याकडच्या ओळीला हात लावायचा नाही. ती मी लावलेली आहे.”

एवढ्या परवानगीवर काम सुरू झालं. गादीवाल्यानं डोक्याला फडकं बांधलं, पायात जुने बूट घातले आणि पहिल्याच झाडाच्या घोट्याएवढ्या उंचीवर घाव घातला. झाड आडवं झालं तेव्हा अक्का दारात आल्या.

“ही फांदी होती?”

“खालची फांदी होती, अक्का.”

अक्कांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यानं अशा तीन फांद्या तोडल्या.

ऊन असं होतं की कुऱ्हाडीचं पातं हाताला चटके देई. तोडणं सोपं, ओढणं अवघड. एक फांदी ओढली की तिच्याबरोबर दुसऱ्या झाडाच्या चार यायच्या, आणि सगळ्या मिळून सदरा धरून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गादीवाला एका फांदीत असा अडकला की पुढं जाता येईना आणि मागं येता येईना. बायकोनं त्याला आतून बाहेर काढलं, पण सदरा तिथंच राहिला. रस्त्यावरून पंक्चरवाला बघत होता.

“मदत पाहिजे का?” त्यानं विचारलं.

“नको,” गादीवाला उघड्या अंगानं म्हणाला. “झालंच आहे.”

“नाही, सावकाश करा. घाई काय आहे?” पंक्चरवाला मनापासून म्हणाला.

बायको रोज रात्रीचा स्वयंपाक आटोपला की सुई घेऊन नवऱ्याचे काटे काढायला बसे. खोळ शिवण्यात तिची सुई जितकी सरळ चाले तितकीच इथंही चाले, आणि गादीवाला दर टाक्याला ओरडे. अक्का बाजूला बसून म्हणत, “लहानपणीही असाच होता.”

सहा दिवसांत आतली सगळी झाडं पडली. रस्त्याकडची अकरा तेवढी उभी राहिली. अंगणात ऊन आलं, इतकं की दारातून बाहेर बघताना तिघांचेही डोळे बारीक झाले. गादीवाल्यानं अंगणाच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. कशालाच लागले नाहीत. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला.

आठव्या दिवशी हेडमास्तर आले. आता ते बसू शकत होते, पण बसले बाजेच्या कडेवर. चहा घेतला. मग अंगणात उतरले, एका बुंध्यापाशी वाकले आणि म्हणाले, “हे काय?”

बुंध्याच्या कडेनं पोपटी कोंब वर आले होते. एकाला सहा. दुसऱ्याला नऊ. सगळ्या अंगणभर प्रत्येक खोडानं डोक्याला हिरवा तुरा लावला होता, आणि त्यांच्यामधून शेळ्यावालीच्या तीन शेळ्या निवांत जेवत फिरत होत्या.

“एकाची सहा केलीत तुम्ही,” हेडमास्तर म्हणाले.

त्यांनी खिशातला खडू काढला आणि घराच्या भिंतीवर, नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर, झाडाचं चित्र काढलं. जमिनीची रेघ ओढली. तिच्याखाली बुंध्याचा फुगीर भाग दाखवला. “डोळे इथं असतात. याच्या वर कितीही तोडा, ते फुटणार. हातभर खोल खणायचं, हा गोळा मुळासकट उपटायचा, की संपलं. कळलं?”

गादीवाल्यानं लहानपणी याच शाळेत मार खाल्ला होता. तो म्हणाला, “कळलं, सर.”

“पाच दिवस देतो. आणि ती रस्त्याकडची अकरा उभी ठेवलीत, तर त्यांच्या शेंगा पुन्हा आत येणार. सगळी निघाली पाहिजेत.”

अक्का खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली.

खणायला सुरुवात झाली तेव्हा कळलं की जमिनीवर होतं ते झाड काहीच नव्हतं. जमीन वाळून दगड झालेली. कुदळ मारली की ठिणगी उडे आणि खपली निघे. खाली मूळ मांडीएवढं, आणि ते सरळ जायचं सोडून घराकडं वळलेलं. एकेका खोडाला तास-दीड तास. दुसऱ्या दिवशी दुपारी गादीवाल्यानं एका मुळाला मिठी मारून ओढ घेतली. मूळ हललं नाही. त्याची कंबर मात्र हलली. तो वाकला तसाच राहिला.

बायकोनं त्याला धरून तसाच वाकलेला आत नेलं. झोपवायचं कशावर हा प्रश्न होता, कारण दुसऱ्यांच्या गाद्या करता करता घरात गादी उरली नव्हती. हेडमास्तरांची परत आलेली गादी भिंतीशी उभी होती. ती अंथरली. गादीवाला हळूहळू पाठीवर टेकला, डोळे मिटले, आणि ओरडला.

“कंबर?” बायकोनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “दुसरा आहे.”

त्या गादीत दोन काटे होते.

बायकोनं गादी उसवली, सगळा कापूस बोटांनी चाळून परत भरला आणि नवऱ्याला तिच्यावर निजवलं. मग बाहेर जाऊन कुदळ उचलली. ती उंचीनं लहान होती. कुदळ डोक्यावर नेली की कुदळच तिला मागं ओढी. तरी दिवस मावळायच्या आत तिनं दोन खोडं काढली. तिसऱ्या दिवशी तीन. तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यांच्यावर तिनं गादीची चिंधी गुंडाळली. गादीवाला खिडकीतून पडल्या पडल्या सांगत राही, “डावीकडून घे. अगं, डावीकडून. तिथं नाही.” एकदा तिनं कुदळ हातात घेऊन खिडकीकडं बघितलं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आतलं शेवटचं खोड निघालं. राहिली रस्त्याकडची अकरा. बायकोनं पाणी पिऊन कुदळ खांद्यावर टाकली आणि त्या ओळीकडं गेली. अक्का तिथं आधीच पाट टाकून बसल्या होत्या. पाठ झाडाला, तोंड तिच्याकडं.

बायकोच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. तिनं कुदळ खाली ठेवली आणि अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसली. मग बायकोचं लक्ष अक्कांच्या पायाकडं गेलं. टाचेत काटा होता, कातडीच्या आत काळा दिसत होता.

“कधीचा आहे हा?”

“झाले चार दिवस.”

“बोललात का नाही?”

“माझ्याच झाडाचा. कुणाला सांगू?”

बायकोनं चोळीच्या दंडाला टोचलेली सुई काढली, टाच मांडीवर घेतली आणि उजेडाकडं वळून टोकरू लागली. अक्का ओरडल्या नाहीत. नुसत्या आकाशाकडं बघत राहिल्या.

“अक्का, रागावू नका,” बायको खाली मान घालूनच म्हणाली. “एवढी काय माया आहे या झाडांवर?”

“माया कसली? मला तर ती कधी आवडली नाहीत. दुपारी सावली नाही, फुलाला वास नाही.”

सुई थांबली. “मग?”

अक्कांनी अंगणाकडं बोट केलं. “मी परत आले तेव्हा हे अंगण मोकळं होतं. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस थांबायचं. पाणी मागायला म्हणून यायचं आणि विचारायचं, का गं परत आलीस? त्यानं सोडलं की तू सोडलंस? मी कापूस पिंजत असायचे. उठून आत जायची सोय नव्हती, कापूस उडायचा. मग मी काटे लावले. तीन वर्षांत येणं बंद झालं.”

“हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“एकतीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. धाकट्याला वाटलं, मला बागेची हौस आहे.”

काटा निघाला. बायकोनं तो बाजूला टाकला, पण पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. “कोण कोण यायचं हो?”

अक्का बोटांवर मोजू लागल्या. “शिंप्याची आई यायची. ती गेली. पोस्टमन यायचा, पत्र नसलं तरी यायचा. तोही गेला. दूधवाली दिवसातून दोनदा यायची. ती तर पार मागंच गेली. कोपऱ्यावरचा सोनार.” त्या थांबल्या. “तोही गेला.”

“मग उरलं कोण?”

“शेळ्यावाली. आणि तिला आता धड दिसत नाही.”

दोघींनी रस्त्याकडं बघितलं. अकराच्या अकरा झाडं संध्याकाळच्या वाऱ्यात शेंगा वाजवत उभी होती.

“एका शेळ्यावालीसाठी अकरा जरा जास्तच झाली,” अक्का म्हणाल्या, आणि पाट उचलून उभ्या राहिल्या. “पहार कुठं आहे?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्कांनी कामाचा ताबा घेतला, आणि बायकोला पहिल्या तासातच जुने दिवस बरे वाटायला लागले. अक्का पहार खुपसून वर बसायच्या आणि म्हणायच्या, “आता तू हाण.” खड्डा झाला की काठीनं खोली मोजायच्या. बोटभर कमी निघाली तर पुन्हा खणायला लावायच्या. गादीवाला कंबरेला पट्टा बांधून, भिंत धरून बाहेर आला. त्याला त्यांनी मुळांवरची माती खुरप्यानं सारायला बसवलं. “बसून करायचं काम आहे. पिंजणापुढं बसतोस तसा बस.”

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत दहा झाडं निघाली. राहिलं ते मधलं, सगळ्यात जुनं. बुंधा दोन हातांच्या कवेत मावत नव्हता. तिघांनी भोवतीनं खणलं, मुळं तोडली, शेंड्याजवळ दोर बांधला. तेवढ्यात पंक्चरवाला रस्ता ओलांडून धावत आला. त्याच्या हातात अजून टायर होता.

“कुठल्या बाजूला पाडताय?”

“जिकडं पडेल तिकडं,” गादीवाला म्हणाला.

“तिकडं माझं दुकान आहे.”

“मग ये आत आणि दोर धर.”

पंक्चरवाल्यानं टायर गळ्यात अडकवला आणि दोर धरला. आजवर या झाडांवर त्याचं घर चाललं होतं, पण आता त्याचं सगळं बळ ते आपल्याकडं पडू नये एवढ्यासाठी लागलं. चौघांनी ओढ घेतली. झाड कुरकुरलं. पंक्चरवाल्यानं डोळे मिटून अशी जोराची ओढ घेतली की झाड रस्त्याकडं जायचं सोडून आत वळलं, अंगणावरून गेलं आणि कोपऱ्यातल्या संडासाच्या पत्र्यावर जाऊन पडलं. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

“आत कोणी होतं का?” पंक्चरवाल्यानं विचारलं.

अक्कांनी माणसं मोजली. “नाही. आपण सगळे इथंच आहोत.”

पत्रा गेला, दार गेलं, एक भिंत अर्धी गेली. नीट करायला वेळ नव्हता. मग पुढचे बारा दिवस या घरातली तीन माणसं सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन रस्ता ओलांडत आणि पंक्चरवाल्याच्या दुकानामागच्या संडासात जात. त्याला नाही म्हणता येईना. पहिले दोन दिवस तो मान फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी अक्का जाताना म्हणाल्या, “कडी बसत नाही तुझी.” चौथ्या दिवशी त्यानं नवी कडी बसवली.

झाड पडलं त्याच संध्याकाळी हेडमास्तर आले, अंगणभर फिरले, खड्ड्यांत डोकावले. एका खड्ड्यात वाकून त्यांनी हातानं खोली मोजली. “उत्तम,” ते म्हणाले. “करा सुरू.”

खड्डे बुजवले, माती बसावी म्हणून सगळ्या अंगणावर पाणी शिंपलं, धोपटून घेतलं, आणि काम लागलं. ऊन वर यायच्या आत कापूस पसरायचा. अक्का पिंजायच्या, गादीवाला कंबर सांभाळत खोळी भरायचा, काठीनं कापूस सारखा करायचा, आणि बायको दाभणानं टाके घालायची. चिंधी बांधलेल्या तळहातानं दाभण आरपार ढकलताना ती ओठ दाबून धरायची. प्रत्येक गादी पुरी झाली की तिच्यावर आधी गादीवाल्यानं लोळायचं, असं बायकोनं ठरवलं. तो रोज तीन-चार गाद्यांवर चारी बाजूंनी लोळायचा. रस्त्यावरून जाणारी माणसं आता सगळं बघू शकत होती. ती थांबायची आणि विचारायची, “कंबर फार दुखतेय का?”

तोही लोळता लोळता सांगायचा, “नाही हो. काम चाललंय.”

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चाळीस गाद्या टेम्पोत चढल्या. हेडमास्तरांनी मोजून घेतल्या. एक सोळाव्या नंबरची त्यांनी खाली काढायला लावली, तिच्यावर बसून बघितलं, मांडी बदलून पुन्हा बसले, मग ती परत चढवायला लावून टेम्पोत पुढं जाऊन बसले. टेम्पो गेला. अंगण एवढं मोठं दिसू लागलं की तिघांनाही काय करावं कळेना. गादीवाला संडासाची भिंत बांधायला लागला.

चार दिवसांनी अक्का सकाळी बाहेर आल्या आणि तिथंच बसकण मारली. शिंपलेल्या पाण्यावर जमीन जागी झाली होती. एकतीस वर्षांच्या शेंगांचं बी मेथीसारखं उगवलं होतं. दारापासून रस्त्यापर्यंत, बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची वेडी बाभूळ.

गादीवाला कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. बायको अक्कांशेजारी उकिडवी बसली आणि पहिलं रोप दोन बोटांत धरून उपटलं. अलगद आलं, मुळासकट.

“असंच धरायचं,” अक्का म्हणाल्या. “आता काटा नाही त्याला.”

मग ते रोजचं झालं. सकाळी तासभर तिघं ओळीनं बसून रोपं उपटायची. अशाच एका सकाळी शेळ्यावाली शेळ्या घेऊन आली. तिला अंगण दिसलं नाही, पण आडवं काही लागलं नाही म्हणून ती थेट आत चालत आली आणि अक्कांच्या पायाला अडखळून थांबली.

“कोण, अक्का का?”

“हो. बस.”

शेळ्यावाली बसली. शेळ्या रोपं खायला लागल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. थोडा वेळ गेल्यावर तिनं विचारलं, “आता आपण दोघीही म्हाताऱ्या झालो, म्हणून विचारते. तू तेव्हा परत का आली होतीस?”

बायकोचा हात थांबला. गादीवाल्यानं मान खाली घातली.

अक्कांनी एक रोप उपटलं, त्याची माती झटकली. “तिथं करमत नव्हतं.”

“एवढंच?”

“एवढंच. माणूस वाईट नव्हता. पण बोलायचाच नाही. दिवसच्या दिवस नाही. मी भिंतीशी बोलायला लागले तेव्हा ट्रंक भरली.”

शेळ्यावालीची निराशा तिच्या तोंडावर दिसत होती. “आणि आम्ही काय काय धरून बसलो होतो,” ती म्हणाली.

“काय धरून बसला होतात?”

“जाऊ दे आता.”

“नाही, सांग.” अक्का सरकल्या आणि तिच्यासाठी पाटावर जागा केली. “मला कामच आहे इथं तासभर.”

शेळ्यावालीनं आधी आढेवेढे घेतले, मग सांगायला लागली. शिंप्याच्या आईचं म्हणणं वेगळं होतं, पोस्टमनचं वेगळं, आणि दूधवालीनं दोन्ही जोडून तिसरंच केलं होतं. त्यात एक दागिन्यांचा डबा होता, एक पळून जाणं होतं, आणि एक घोड्यावरचा माणूस होता. गादीवाला ऐकता ऐकता एकाच रोपाला तिसऱ्यांदा हात घालत होता. पंक्चरवाला दुकान सोडून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

घोड्यावरचा माणूस नदी ओलांडायला लागला तिथं शेळ्यावाली थांबली, कारण तिला धाप लागली होती. अक्कांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि तिचं पिऊन व्हायची वाट बघितली.

“हं,” त्या म्हणाल्या. “मग पुढं काय झालं माझं?”